जुन्या गाडीचा उजेड मुरतो कुठे?

जोयडा तालुक्यात रात्रीच्या रस्त्यावर उजेड असतो तो फक्त आपल्याच गाडीचा. अणशीहून कद्र्याकडे उतरणारा घाट असो, कुंभारवाड्याहून उळवीला जाणारा रस्ता असो की रामनगरहून अनमोडकडे जाणारा महामार्ग, वस्ती मागे पडली की रान सुरू होते आणि हेडलाइट दाखवील तेवढाच रस्ता उरतो. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या या पट्ट्यात वळणापलीकडे गवा उभा असणे ही नवलाची गोष्ट नाही. त्याचे अंग काळपट, उजेड पिऊन टाकणारे. डिपरचा झोत खालच्या अंगाला असतो, म्हणून आधी दिसतात ते त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय. बाकीचा देह अंधारातच राहतो. माघात उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला बैलगाड्या निघतात, आणि बैलगाडीला मागे दिवा नसतो.

ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पोचेपर्यंत एक सेकंद गेलेला असतो, आणि ओल्या डांबरावर ती पूर्ण थांबेपर्यंत एकंदर ५० मीटर सहज लागतात. चांगल्या डिपरचा कामाचा पल्लाही साधारण एवढाच. म्हणजे दिवे धड असले तरी हिशेब काठावर असतो. ते मंद असतील तर समोरचे जनावर दिसते तेव्हा थांबायला जागा उरलेली नसते.

तालुक्यात जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तरी ती इथल्या अंगणांतून दिसतेच. ओम्नी, सुमो, जुनी बोलेरो, महिंद्राची जीप या तर कामाच्या गाड्या. या सगळ्यांच्या मालकांची तक्रार एकच असते, ‘लाइट मारत नाही’. आणि सगळ्यांचा उपायही एकच ठरलेला असतो, दुकानात जाऊन ९०/१०० वॅटचा बल्ब किंवा पांढराशुभ्र एलईडी आणून बसवायचा. मला हा उपाय उलटा वाटतो. वीस वर्षांच्या गाडीत दोष बल्बमध्ये असतो त्यापेक्षा जास्त वेळा तो बॅटरीपासून बल्बापर्यंतच्या वाटेत असतो. ती वाट तपासल्याशिवाय बल्बावर पैसे घालू नयेत.

तक्रार नेमकी काय आहे?

‘लाइट नीट नाही’ एवढ्यावर थांबू नका. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, कुणाला तरी आत बसवून डिपर आणि अप्पर आळीपाळीने लावायला सांगा आणि समोर उभे राहून बघा. अर्धे निदान इथेच होते.

एकाच बाजूचा डिपर किंवा अप्पर पेटत नसेल तर बहुधा बल्बाची त्या कामाची तार उडाली आहे. जुन्या गाड्यांत सर्रास दिसणाऱ्या एच-४ बल्बात दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. एक उडाली तरी दुसरी चालते, म्हणून ‘अप्पर लागतो, मग बल्ब चांगला आहे’ असे समजू नका. दोन्ही बाजूंचे डिपर गेले आणि अप्पर चालू असतील तर लोक लगेच स्विचला दोष देतात. पण बरेचदा झालेले असते असे की एक डिपर महिन्यापूर्वीच उडाला होता, कुणी पाहिले नाही, आणि आज दुसरा उडाला. दोन्ही बल्ब काढून बघा, मग स्विच. अप्पर आणि डिपर, दोन्ही बाजूंचे, सगळेच एकदम गेले तर मात्र बल्ब सोडा. मुख्य फ्यूज, रिले किंवा स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच तपासा.

एका बाजूचा दिवा पिवळट आणि दुसरा स्वच्छ असेल तर पिवळट बाजूची अर्थिंग संशयित नंबर एक. त्याची आणखी एक खूण आहे. डिपर लावल्यावर त्याच बाजूचा पार्किंग लाइट किंवा इंडिकेटर विनाकारण मंद पेटतो, नाहीतर डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मिणमिणतो. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बांतून वाट काढतो. असे भुताटकीसारखे काही दिसले की आधी अर्थिंगच.

दोन्ही दिवे सारखेच मंद आहेत, पण ॲक्सिलेटर दिल्यावर उजळतात? मग बॅटरी, बेल्ट किंवा चार्जिंग बघा. ॲक्सिलेटरने फरकच पडत नसेल तर वायरिंग, होल्डर आणि रिफ्लेक्टर. खड्ड्यात गाडी आदळली की दिवा मिचकावत असेल तर लूज कनेक्शन आहे, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ते शोधायला लांब जावे लागत नाही. बल्ब मागचा कपलर हाताने हलवून बघा.

मीटर लावा

साधा डिजिटल मल्टीमीटर एका चांगल्या बल्बाच्या किमतीच्या आसपास मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद, गाडी तासभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन सुरू करून थोडा ॲक्सिलेटर दिला की १३.८ ते १४.४. हेडलाइट लावल्यावर आकडा १३.५ च्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटरकडे वळा. पट्टा सैल आहे का, कार्बन ब्रश झिजले आहेत का, ते मिस्त्रीला बघू द्या. उलट आकडा १५ च्या वर गेला तर व्होल्टेज रेग्युलेटर बिघडला आहे. ज्यांचे बल्ब महिन्या-दोन महिन्याला उडतात त्यांनी हे आधी तपासावे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले तर बल्बाचे आयुष्य जवळपास निम्मे होते, आणि बॅटरीचे पाणी आटते ते वेगळेच.

बॅटरीवरचा आकडा ठीक आला, आता खरी परीक्षा. इंजिन चालू, डिपर चालू. बल्बावर कपलर बसलेला असतानाच त्याच्या मागच्या बाजूने मीटरची टोके आत सरकवा आणि बल्बाच्या पायांवर किती व्होल्ट पोचतात ते बघा. कपलर काढून मोकळ्या टोकांवर मोजलेला आकडा फसवा असतो. करंट वाहत नसताना गंजलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, आणि कित्येक मिस्त्री इथेच चकतात.

बल्बावर १३ व्होल्टच्या आसपास आले तर वायरिंगला हात लावू नका. ते ११ किंवा त्याखाली असतील तर उजेड वाटेत मुरतो आहे. हॅलोजन बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड साधारण तीस टक्के घटतो. १३.२ व्होल्टवर जेवढा उजेड मिळतो, त्याच्या निम्माही १०.५ व्होल्टवर राहत नाही. जुन्या गाडीत दोन-अडीच व्होल्ट वाटेत हरवलेले सापडणे ही अगदी साधी गोष्ट आहे. त्या गाडीत १०० वॅटचा बल्ब घातला की करंट वाढतो, वाटेतली घट आणखी वाढते, आणि हाती लागतो तो थोडासा जास्त उजेड आणि वितळलेला होल्डर.

आता घट कोणत्या बाजूला आहे ते शोधा. दिवा चालूच ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे बल्बाच्या अर्थच्या पायावर ठेवा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि बल्बाचा पॉझिटिव्ह पाय. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्या, त्याहून जास्त असेल तर मधला फ्यूज, स्विच, कपलर असे एकेक टप्पा पुढे सरकत मोजा. जिथे आकडा उडी मारतो तिथे रोग. एक सावधगिरी मात्र ठेवा. जपानी घडणीच्या काही गाड्यांत बल्बाला पॉझिटिव्ह कायम मिळतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे हे उलट वाचावे लागते, म्हणून आधी आपल्या गाडीची वायरिंग कशी आहे हे माहितगाराला विचारून घ्या.

अर्थिंग, पाऊस आणि उंदीर

हेडलाइटची अर्थची काळी वायर पुढच्या पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली असते. जोयड्याच्या पावसाने चार महिने हा पत्रा कोरडा होत नाही. स्क्रूखाली गंज धरतो, वर रंगाचा थर असतो, आणि वायर दिसायला जागेवर असली तरी काम करीत नाही. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, वायरची थिंबल घासा किंवा नवी दाबून घ्या, पुन्हा घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नको, जोड आवळून झाल्यावर. शंका राहिली तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून दोन्ही हेडलाइटच्या अर्थपर्यंत एक नवी जाड वायर टाका. पन्नास-शंभर रुपयांच्या वायरने जे काम होते ते महागड्या बल्बाने होत नाही.

कपलरच्या आत हिरवट बुरशी दिसली तर तो तांब्याचा गंज. ब्रशने आणि काँटॅक्ट क्लीनरने साफ होतो. पण होल्डरचे प्लॅस्टिक तपकिरी पडून ठिसूळ झाले असेल, किंवा आतले पान सैल पडले असेल, तर साफ करीत बसू नका, बदला. सिरॅमिकचा होल्डर घेतलात तर तो वितळत नाही. फक्त वायर जोडताना पीळ देऊन टेप गुंडाळण्याची आपली सवय इथे सोडा. पिळलेल्या जोडात पाणी शिरते आणि पुढच्या श्रावणात तुम्ही पुन्हा तिथेच असता.

काचेच्या आत वाफ धरत असेल तर बल्बामागची रबरी टोपी आहे का ते पहिल्यांदा बघा. बल्ब बदलताना ती काढून ठेवली जाते आणि परत बसत नाही. एलईडीचा पंखा तिच्यात मावत नाही म्हणून ती कापलीही जाते. मग आत पाणी, रिफ्लेक्टरवर डाग, आणि एका मोसमात चकाकी संपली. जुन्या काचेच्या हेडलाइटची काच वर्षानुवर्षे चांगली राहते, पण आतला रिफ्लेक्टर करपला असेल तर कोणताही बल्ब उजेड देणार नाही. तो पुसायला जाऊ नका. चांदीसारखा थर इतका पातळ असतो की कापडानेही निघतो. आख्खा हेडलाइट बदलणे हाच उपाय, आणि शक्यतो नामांकित कंपनीचा. नंतरच्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या काचा मात्र बाहेरून पिवळ्या पडतात. त्या पाणी मारत १०००, मग २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पॉलिश करून उजळतात. वरून अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर दिला नाही तर वर्षभरात पुन्हा तेच. टूथपेस्टचा उपाय सांगणारे खूप भेटतील. त्याने आठवडाभर बरे वाटते, इतकेच.

उंदरांविषयी वेगळे सांगायला नको. लाकडाच्या ढिगाजवळ किंवा भाताच्या कोठाराशेजारी उभी राहणारी गाडी पावसाळ्यात त्यांचे हक्काचे घर होते. ‘काल चालू होते, आज नाही’ अशी तक्रार असेल तर बॉनेट उघडून वायरिंगच्या जुडग्यावर कुरतडल्याच्या खुणा शोधा, विशेषतः बॅटरीमागे आणि रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ. उघडी पडलेली वायर पत्र्याला टेकली की फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी कधीही घालू नका. फ्यूज वारंवार उडतो याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे, आणि चांदी घातल्यावर जळते ती वायरिंग.

रिले: जुन्या गाडीला खरी गरज याची

कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो. दोन ५५-६० वॅटच्या बल्बांना मिळून साधारण १० अँपिअर लागतात, आणि वीस वर्षे हा भार वाहिलेल्या स्विचचे टोक काळे पडलेले असते. डिपर-अप्पर बदलताना स्विच गरम लागतो किंवा जळका वास येतो, ही त्याची खूण. यावर रिले बसवणे हा माझ्या मते जुन्या गाडीवर करण्यासारखा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बाचा करंट बॅटरीपासून थेट, जवळच्या वाटेने जातो.

रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून बल्बाकडे, ८५ आणि ८६ वर एकीकडे अर्थ आणि दुसरीकडे जुन्या स्विचची वायर. डिपरला एक, अप्परला एक असे दोन रिले लागतात. जाड वायर २.५ चौरस मिलीमीटरची घ्या, फ्यूज २० अँपिअरचा आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. फ्यूजशिवाय बॅटरीवरून वायर ओढणारा मिस्त्री भेटला तर त्याला काम देऊ नका. रिले तोंड खाली करून, पाणी साचणार नाही अशा जागी बसवा. तयार वायरिंग किट मिळते, ते हाताने जोडलेल्या वायरींपेक्षा नीटस असते. बेळगावच्या सुट्या भागांच्या बाजारात जाणे होणार असेल तेव्हा जुना बल्ब आणि होल्डर सोबत न्या. अंबॅसडर, पद्मिनीच्या जुन्या बल्बांचा पाया एच-४ पेक्षा वेगळा असतो, आणि नुसते नाव सांगून आणलेली वस्तू बसत नाही.

नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलाचा डाग तापतो आणि काच तडकते. लागलेच तर स्पिरिटने पुसा. एक बल्ब उडाला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे हे लक्षात घेऊन जोडीने बदललेले बरे, आणि जुना चालू बल्ब गाडीत राखीव ठेवा.

एलईडीविषयी स्पष्टच सांगतो. एच-४ साठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये उजेडाचा उगम ठरलेल्या जागीच असावा लागतो. बाजारातल्या बहुतेक स्वस्त एलईडींत तो तसा नसतो. मग झोत फाटतो. गाडीपुढचे दहा मीटर लख्ख दिसतात, डोळे त्या उजेडाला सरावतात, आणि लांबचे काहीच दिसत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत मात्र सगळे जाते. पावसात आणि धुक्यात तो पांढरा उजेड थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. अनमोडच्या धुक्यात पिवळसर हॅलोजनचा डिपर मला केव्हाही जास्त भरवशाचा वाटतो.

फोकस

वायरिंग दुरुस्त झाले, बल्ब नवे आले, तरी फोकस चुकला असेल तर सगळे फुकट. टायरमध्ये हवा बरोबर भरा, चालकाच्या जागेवर कुणाला तरी बसवा, गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करा. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्या उंचीची रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही कड डाव्या बाजूला किंचित वर चढलेली असते. ती उजवीकडे चढताना दिसली तर तो हेडलाइट उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशासाठी बनलेला आहे, तो परत करा. हेडलाइटच्या मागे किंवा कडेला दोन स्क्रू असतात. एकाने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. एका वेळी एक बाजू झाकून दुसरी लावा.

मागे भाताची पोती किंवा सहा माणसे भरली की गाडीचे नाक वर होते आणि डिपर समोरच्याच्या काचेत जातो. ज्यांची जीप नेहमी भरूनच धावते त्यांनी फोकस भरलेल्या गाडीवर लावावा.

रात्री वाटेतच गेला तर

गणेशगुडी ते जोयडा किंवा अणशीच्या पट्ट्यात मोबाइलची रेंज असेलच असे नाही, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक बल्ब, १०, १५ आणि २० अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, टॉर्च आणि टेप असू द्या. एकच डिपर चालत असेल आणि तो डावा असेल, तर चालू बल्ब उजवीकडे घाला. समोरून येणारा आपल्या उजव्या अंगाने जातो. डावाच दिवा दिसला तर तो आपल्याला मोटरसायकल समजून अंगावर येतो. बल्ब तापलेला असतो, पाच मिनिटे थांबून हात लावा. फ्यूज नसेल तर वायपर किंवा हॉर्नचा, तेवढ्याच अँपिअरचा, तात्पुरता काढता येतो. पाऊस असेल तर वायपरचा मात्र नको. दोन्ही डिपर गेले पण अप्पर चालू असतील तर अप्परवर सावकाश या, समोर गाडी दिसली की कडेला थांबून पार्किंग लाइटवर या, ती गेली की पुढे निघा. काहीच पेटत नसेल तर हॅझार्ड लावून रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभे राहा. वळणावर नाही, आणि रानात शिरूनही नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीत दिवे बघितले जातात. केए-६५ च्या दांडेली पासिंगची तुमची गाडी या वर्षी त्या वयात येत असेल, तर तारखेच्या आठवडाभर आधी फोकस लावून घ्या आणि एलईडी बसवलेले असतील तर मूळ वॅटचे हॅलोजन परत घाला.